ओळखीचं माणूस न भेटणारं बेट

मनुष्य हा मुळात एकांतप्रिय प्राणी आहे, असं कृष्णकांत उपासनी यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी मस्कतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्नेहसंमेलनात, माइक हातात घेऊन, एकशे ऐंशी माणसांसमोर मांडलं होतं. टाळ्याही पडल्या. नंतर जेवणाच्या रांगेत सात जणांनी त्यांना गाठून एकांताबद्दल आपापलं मत सविस्तर सांगितलं, आणि तेवढ्यात बासुंदी संपली.

उपासनी मस्कतमधल्या गाला भागात, तयार काँक्रीट पुरवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासायचे. काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, मग यंत्रात घालून दाबायचे आणि किती दाबावर तडा गेला ते लिहून ठेवायचं, हे काम ते बावीस वर्षं करत होते. संध्याकाळी वादी अदाईतल्या घरी आले की हाच प्रयोग मंडळ त्यांच्यावर करायचं. चार मजल्यांच्या त्या इमारतीत अकरा बिऱ्हाडं मराठी होती आणि प्रत्येकाला उपासन्यांच्या घरची बेल सापडली होती.

बरं, बाहेर जाऊन सुटका व्हावी, तर तेही नाही. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला दोघं सलालाला गेले, तर धबधब्याखाली मंडळाचे खजिनदार आधीच भिजत उभे होते. पुढे एकदा किनाऱ्यावरच्या सूर गावापलीकडे कासवं बघायला गेले. अंडी घालायला वर आलेलं कासव आणि श्यामलाबाई एकमेकींकडे श्वास रोखून बघत असताना मागून हाक आली, "अहो उपासनी! तुम्हीपण?" कासव अंडी न घालताच समुद्रात परत गेलं. श्यामलाबाईंना ती सोय नव्हती. ओमानच्या रहिवाशांना बाकूचा आणि तिबिलिसीचा व्हिसा चटकन मिळतो, त्यामुळे ईदच्या सुट्टीत तिथे मस्कतपेक्षा जास्त मस्कत असतं. तिबिलिसीच्या रोपवेच्या पाळण्यात चार जागा होत्या. दोन उपासन्यांच्या. दार बंद होता होता उरलेल्या दोन जागांवर वरच्या मजल्यावरचे यशोधन आणि सावनी येऊन बसले, डब्यातल्या शंकरपाळ्यांसकट. यशोधन मंडळाचा सचिव, सावनी सांस्कृतिक विभाग. पाळणा वर जाईपर्यंत गणेशोत्सवाची समिती ठरली होती.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. श्यामलाबाई इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. कमी शब्दांत बोलायची त्यांना सवय होती.

"मला सोनं नको, साडी नको," त्या म्हणाल्या. "सात दिवस समुद्र हवा आणि ओळखीचं एकही माणूस नको. पंचवीस वर्षांत एवढंच मागतेय."

कृष्णकांतांनी हा प्रश्न गुणवत्ता तपासनीसाच्या नजरेने हाताळला. सुंदर जागा शोधण्यात अर्थ नव्हता, सुंदर जागी मंडळ असतंच. स्वस्त जागी मंडळ आधी असतं. धार्मिक जागी तर कायमच. तेव्हा शोधायला हवी होती अशी जागा, जिथे सभ्य मराठी कुटुंब पाऊल टाकणं शक्य नाही. चार रात्री इंटरनेट उपसल्यावर त्यांना ती सापडली. कास्त्रोनिसी नावाचं ग्रीसमधलं एक बेट. अभिप्रायांत लिहिलं होतं, 'सकाळी सहापर्यंत संगीत. वाळूवर नाच. फेसात पार्ट्या. झोपायचं असेल तर इथे येऊ नका.' कृष्णकांतांनी हे तीनदा वाचलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"अहो, पण आपण तिथे करायचं काय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"झोपायचं."

"त्या गोंगाटात?"

"समजून घे. ते सकाळी सहाला झोपतात. आपण सहाला उठतो. म्हणजे सहा ते दोन अख्खा समुद्र आपला. ते डोळे चोळत बाहेर येईपर्यंत आपण जेवून आडवे. आमच्या प्लांटवर दोन पाळ्या चालतात, तसं. एका पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीला कधी दिसत नाही."

श्यामलाबाईंनी मनातल्या मनात गणित करून पाहिलं. बरोबर येत होतं. "कुणाला सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

व्हिसासाठी मालकाचं ना हरकत पत्र लागतं. कंपनीचे अर्बाब, म्हणजे मालक, भले गृहस्थ होते. त्यांनी पत्रावर सही करायला पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"ग्रीस क्यों? सलाला जाओ. अच्छा है. बारिश है, नारियल है."

"सलाला गया था, अर्बाब."

"फिर जाओ. सलाला भागता नहीं."

सलाला भागत नाही आणि मंडळही भागत नाही, ही अडचण अर्बाबना हिंदीत समजावून सांगणं कृष्णकांतांना जमेना. शेवटी "वाइफ का इच्छा" असं म्हटल्यावर अर्बाबनी सहानुभूतीने सही केली.

पत्र टाइप करणारा मधु कंपनीचा सगळा कागदी कारभार बघायचा. त्याने उपासन्यांचं रोजच्या कार्यक्रमाचं वेळापत्रकही टाइप करून दिलं. पहिला दिवस, विश्रांती. दुसरा दिवस, विश्रांती. तिसरा दिवस, समुद्रकिनारी विश्रांती.

"सर, सेवन डेज रेस्ट?" मधु म्हणाला. "ये ट्रॅव्हल का पेपर है सर, डिस्चार्ज का नहीं."

"जे खरं आहे तेच लिहायचं, मधु." प्रवासाच्या उद्देशापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'संपूर्ण शांतता'. सरकारी कागदावर खोटं लिहिलं की हात थरथरतो, अशी त्यांची प्रकृती होती.

हे सगळं प्रिंटरमधून बाहेर येत असताना शेजारी जहूर उभा होता. जहूर मूळचा रत्नागिरीकडचा. गाला भागातच त्याचं गॅरेज होतं, कंपनीच्या मिक्सर गाड्या तोच दुरुस्त करायचा, आणि राहायचा उपासन्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. बिल द्यायला आलेल्या जहूरने पहिला कागद उचलला तो स्वतःचा समजून.

"कास्त्रोनिसी?" जहूरचे डोळे चमकले. "अवो भाऊ, माझा चुलता बोटीवर होता ना, त्याची बोट लागली होती तिथं. दुपारी खलाशी उतरले ते तीन दिवस बोटीवर परत आले न्हाईत. कप्तान शोधायला गेला, तर तोपन आला न्हाय!"

"जहूरभाई, हे आपल्यातच ठेवा."

"खलास! माझ्या तोंडाला कुलूप."

जहूरने शब्द पाळला. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, या समजुतीने त्याने फक्त शहनाजला सांगितलं. शहनाजनेही कुणाला सांगितलं नाही. तिने सावनीचं अभिनंदन केलं, एवढंच. "तुमचे काका-काकू या वयात किती हौशी आहेत," असं.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत लिफ्टमध्ये शिरले तेव्हा आतलं बोलणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी यशोधन घरी आला. टीपॉयकडे बघत म्हणाला, "काका, वाईट काही नाही हो. माणसाला एकेकदा वाटतं. पण काकूंना माहिती आहे ना?"

"तिच्याबरोबरच चाललोय मी!"

"हो का," यशोधन म्हणाला. त्याचा चेहरा आणखीच गंभीर झाला.

मंडळाच्या श्लोक पाठांतर स्पर्धेचे कृष्णकांत गेली नऊ वर्षं परीक्षक होते. यंदा परीक्षक बदलावेत का, यावर व्हॉट्सअपच्या ग्रुपवर चर्चा झाली. त्या ग्रुपमध्ये कृष्णकांतही आहेत हे चर्चा करणाऱ्यांच्या एकेचाळिसाव्या मेसेजनंतर लक्षात आलं. मग एकेक मेसेज पुसला जाऊ लागला. कृष्णकांत सोफ्यावर बसून आपल्या चारित्र्याची ती पुसापुसी बघत होते. बावीस वर्षांत त्यांनी चुकीचा ठोकळा एकही पास केला नव्हता. आणि आज त्यांचाच ठोकळा नापास होत होता.

त्या भरात त्यांनी आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं लिहिलं. 'सर्वांच्या माहितीसाठी. कास्त्रोनिसी इथे अडीच हजार वर्षांपूर्वीचं सूर्यमंदिर आहे. खांबांची रचना आपल्याकडच्या प्राचीन मंदिरांशी जुळते असं म्हणतात. आम्ही उभयता त्याच्या अभ्यासासाठी जात आहोत.' कागद नसल्यामुळे हात थरथरला नाही.

ग्रुपवर दहा मिनिटं शांतता. मग हात जोडलेली चित्रं यायला लागली. चौदा, वीस, एकतीस. कृष्णकांतांनी सुटकेचा श्वास सोडला आणि श्यामलाबाईंना फोन दाखवला.

त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "देऊळ का सांगितलंत?"

"इज्जतीचा प्रश्न होता."

"जुगार खेळायला जातो म्हणायचं होतं. दारू प्यायला म्हणायचं होतं. अहो, देवळाला कोण येत नाही?"

उत्तर सकाळी सातला आलं. सूर्याचं चित्र, खांबांचं चित्र आणि मधोमध पासपोर्टच्या फोटोतले कृष्णकांत. 'ईद विशेष! ग्रीस सांस्कृतिक अभ्यास सहल. मार्गदर्शक: मा. कृष्णकांत उपासनी. जागा मर्यादित.' जागा मर्यादित होत्या हे खरं. संध्याकाळपर्यंत पंचवीस भरल्या, हॉटेलही तेच ठरलं.

मग सुरू झाले सल्ले. ग्रीसमध्ये भाज्या मिळत नाहीत, तेव्हा प्रत्येकाने पोहे आणावेत. मिळतात, पण कढीपत्ता मिळत नाही. चपला नकोत, देवळात काढाव्या लागतील. यशोधनने गुरुजींचा प्रश्न काढला. सावनीने देवळासमोर लेझीम बसवायचं ठरवलं आणि आठवड्यातून तीन दिवस गच्चीवर तालीम सुरू झाली. कृष्णकांतांना रोज सात-आठ माणसं सूर्यमंदिराची माहिती विचारायची. काल काय सांगितलं ते आज विसरू नये म्हणून त्यांनी एक वहीच केली. वहीप्रमाणे देवळाला सोळा खांब होते, पैकी तीन पडलेले.

व्हिसा केंद्रात सत्तावीस जणांनी एका दिवशी अर्ज दिले. सव्वीस जणांचे बोटांचे ठसे उमटले. कृष्णकांतांचे उमटेनात. बावीस वर्षं सिमेंट हाताळून त्यांची बोटं गुळगुळीत झाली होती. काचेवर बोट ठेवलं की पडद्यावर नुसता एक पांढरा अंडाकार दिसायचा.

"लिंबू चोळा," रांगेतून एकजण म्हणाला.

"पावडर लावा, पावडर."

"काका, जोरात दाबा! यंत्रात ठोकळा दाबता तसं!"

काउंटरवरच्या मुलीने चौदा वेळा प्रयत्न केला. पंधराव्या वेळी काहीतरी उमटलं. मग तिने दोन फायली शेजारी ठेवल्या. एकीत लिहिलं होतं की सत्तावीस जण श्री. उपासनी यांच्या मार्गदर्शनाखाली एका मंदिराचा अभ्यास करणार आहेत. दुसरीत श्री. उपासनी यांनी लिहिलं होतं की त्यांना संपूर्ण शांतता हवी आहे आणि सातही दिवस ते विश्रांती घेणार आहेत. ती पुढचा कागदही वाचू लागली. हॉटेलच्या जाहिरातीत फेसात बुडालेली माणसं होती. तिने कृष्णकांतांकडे पाहिलं आणि फायली एका पिनेत अडकवल्या.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आले. पंचवीस जणांना व्हिसा. उपासन्यांच्या दोन पासपोर्टांत फक्त एकेक चिठ्ठी होती: प्रवासाच्या उद्देशाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही.

कृष्णकांतांना हे फार लागलं. सत्तावीस अर्जांत खरे अर्ज दोनच होते, आणि नेमके तेच खोटे ठरले होते. अपील करावं असं त्यांच्या मनात आलं, पण अपिलात देवळाबद्दल काय लिहायचं ते सुचेना.

मंडळ मात्र खरंच हळहळलं. विमानतळाची बस इमारतीखाली उभी असताना सावनीने डोळे पुसले. "काका, तुमच्याशिवाय मजा नाही. सगळं तुमचंच, आणि तुम्हीच नाही."

"आपण सहलच रद्द करू," यशोधन म्हणाला आणि घाईघाईने बसमध्ये चढला. जाता जाता प्रत्येकाने घराची किल्ली कृष्णकांतांच्या हातात ठेवली. तुळशी होत्या, मनीप्लांट होते, कढीपत्ता होता. एका घरात मासे होते. बस वळणावर दिसेनाशी झाली आणि कृष्णकांत दहा किल्ल्या हातात घेऊन उभे राहिले.

मग हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ते वर आले. श्यामलाबाई दारातच उभ्या होत्या.

"ऐकू येतंय?" त्या म्हणाल्या.

काही ऐकू येत नव्हतं. बेल नाही, लिफ्ट नाही, गच्चीवर लेझीम नाही. फक्त एसी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खी इमारत त्यांची होती. दोन दिवस दोघांना चहा पिता पिता कुणालाही उत्तर द्यावं लागलं नाही. श्यामलाबाई चक्क गुणगुणल्या. फक्त समुद्र तेवढा राहिला होता.

ईदचं मटण घेऊन जहूर वर आला. आपल्यामुळे सगळा घोळ झाला हे त्याला खात होतं.

"भाऊ, सूरला जावा. समुद्राला लागून माझ्या वळखीचं गेस्ट हाऊस हाय. मी फोन करतो. या गर्मीत तिकडं कोण कडमडत न्हाय. तुमी, वैनी नि समुद्र. खलास!"

"पण झाडं?"

"झाडांना मी पानी घालतो की. माशांना शहनाज बघेल."

सूरचा रस्ता रिकामा होता. गेस्ट हाऊसही रिकामं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं पाण्यात पाय सोडून खडकावर बसले. पलीकडे लाकडी गलबतं डुलत होती. श्यामलाबाईंनी चपला काढून शेजारी ठेवल्या, आणि कितीतरी वर्षांनी स्वतःहून नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. कृष्णकांतांना बोलावंसं वाटलं, पण त्यांनी मोह आवरला. माणूस एकांतप्रिय प्राणी आहे हे सिद्ध होत होतं. अशी वीस मिनिटं गेली. कृष्णकांतांनी नंतर ती घड्याळावरून मोजून काढली.

एकविसाव्या मिनिटाला मागे बस थांबली. दार उघडलं आणि पहिला आवाज आला, "उतरा, उतरा! पाण्याच्या बाटल्या आपापल्या घ्या!"

मराठीत.

सोहार शहरातल्या मराठी मंडळाची ईद सहल होती. पुढे आलेले जाडजूड गृहस्थ अध्यक्ष निघाले. त्यांनी टॉर्चसारखा फोन समोर धरला, आधी फोनकडे पाहिलं, मग कृष्णकांतांच्या चेहऱ्याकडे.

"अहो, तुम्ही मस्कतचे उपासनी! सूर्यमंदिरवाले!" ते मागे वळून ओरडले. "अरे या, या! पोस्टरवरचे गृहस्थ इथेच आहेत!"

पोस्टर फिरत फिरत सोहारला पोचलं होतं. श्यामलाबाईंनी खांद्यावरचं डोकं उचललं आणि चपला घातल्या.

रात्री जेवणाआधी गेस्ट हाऊसच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या आणि कृष्णकांतांचं व्याख्यान झालं. नाही कसं म्हणणार? ते उभे राहिले, घसा खाकरला, आणि वही जवळ नसतानाही पंचेचाळीस मिनिटं बोलले. सोळा खांब, तीन पडलेले. सूर्योदयाचं पहिलं किरण गाभाऱ्यात येतं हे त्यांनी नवीन घातलं. "आणि सकाळी तिथे इतकी शांतता असते," ते म्हणाले, आणि हे वाक्य मात्र त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम भाषण होतं. नंतर भेंड्या झाल्या. श्यामलाबाईंच्या दोन माणसांच्या गटाने सोहारला हरवलं. आपल्याला एवढी गाणी येतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आठव्या दिवशी मंडळ परत आलं. यशोधन किल्ली घ्यायला आला तेव्हा भाजून तांबूस झाला होता आणि खुशीत होता.

"मंदिर?" कृष्णकांतांनी हळूच विचारलं.

"सापडलं ना! हॉटेलवाला आधी नाहीच म्हणत होता. आम्ही सोडतोय का? पाण्याच्या टाकीमागे आहे. खांब एकच उरलाय, पण आरती केली. लेझीमही झालं. तिथली पोरं पार्टीहून परत चालली होती, तीही नाचली."

"आणि रात्रीचा तो गोंगाट?"

"कसला गोंगाट? काका, वादी अदाईच्या एसीखाली झोपलेली माणसं आपण. कुणाला काही ऐकू आलं नाही. सकाळी सहाला समुद्रावर जायचो, दुपारपर्यंत चिटपाखरू नाही. तेवढी एकच गोष्ट जरा खटकली." यशोधनने किल्ली खिशात टाकली. "सात दिवसांत ओळखीचं एक माणूस भेटलं नाही हो. एकसुद्धा! करमत नव्हतं शेवटी."

कृष्णकांतांनी दार लावलं. मग आत आले. श्यामलाबाई वह्या तपासत होत्या.

"आपलं गणित बरोबर होतं," ते म्हणाले.

"माझं कधी चुकत नाही." श्यामलाबाईंनी वहीत बरोबरची खूण केली. "पुढच्या ईदला परत अर्ज करा. या वेळी देऊळ लिहा."

सोहारच्या मंडळाने पुढच्या ईदची कास्त्रोनिसीची तिकिटं आदल्या दिवशीच काढली होती. चव्वेचाळीस.